आपण सगळे रायवळ: जनुकं, पेशींचं वय आणि प्रेशर

हापूस कोयीपासून करायचा नसतो, हे कोकणातल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. कोय रुजवली तर झाड येईल, आंबेही धरतील, पण ते हापूस असतीलच असं नाही. म्हणून कलम बांधतात. कलम म्हणजे त्याच झाडाची हुबेहूब नक्कल, जनुकं तीच. तरी देवगडच्या कातळावरचं कलम आणि घाटाच्या पायथ्याच्या मातीतलं कलम यांचा आंबा चाखणाऱ्याला वेगळा कळतो. आणि कोयीतून येतो तो रायवळ. प्रत्येक झाड वेगळं, कुठला गोड, कुठला बिटका, कुठल्यात नुसती कोय आणि रेषा.

हुबेहूब सारखी जुळी सोडली तर माणसं सगळी रायवळ आहेत. "आमच्या घरात सगळ्यांनाच प्रेशर, मग मला होणारच" असं म्हणून हात झटकणारे ही गोष्ट विसरतात. उलट "घरात कुणालाच नाही, मला कसं होईल" म्हणणारेही विसरतात.

रक्तदाबातला माणसामाणसातला जो फरक असतो, त्यातला साधारण 30 ते 50 टक्के भाग आनुवंशिक असतो. पण प्रेशरचं एक जनुक असं काही नाही. 2018 साली दहा लाखांहून अधिक लोकांच्या डीएनएची छाननी प्रसिद्ध झाली, त्यात रक्तदाबाशी संबंधित डीएनएवरच्या जागांची संख्या 901 वर गेली. यातली बहुतेक प्रत्येक जागा वरचा आकडा हलवते तो फार तर एखाद्या मिलिमीटरने, बऱ्याचदा त्याहूनही कमी. सगळ्या जागा एकत्र मोजून गुणांक काढला, तर सर्वांत वाईट वाटा मिळालेल्या आणि सर्वांत चांगला वाटा मिळालेल्या लोकांच्या सरासरीत दहाच्या वर फरक दिसतो. तो कमी नाही. पण हे गुणांक बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांवर बेतलेले आहेत आणि आपल्याकडे ते तितके नेमके बसत नाहीत. जनुकतपासणीच्या रिपोर्टवर ही ओळ सहसा बारीक अक्षरात असते.

आता पेशींच्या वयाचं. यावर व्हॉट्सॲपवर भरपूर फिरतं, म्हणून जरा बैजवार सांगतो.

खळं सारवताना बाई मागे मागे सरकत जाते. शेवटी जिथे पाय असतात तेवढी जागा कोरी राहते, आणि ती पुसायला तिला खळ्याबाहेर उतरावं लागतं. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल करणाऱ्या यंत्रणेचं असंच होतं. तिला सुरुवात करायला आधी एक छोटा तुकडा टेकू म्हणून ठेवावा लागतो. नंतर तो काढून टाकला जातो, आणि अगदी टोकाला खळ्याबाहेर उतरायला जागाच नसते. म्हणून दर नकलेला टोक थोडं कोरं राहतं, म्हणजे तोकडं होतं. निसर्गाने यावर तोड काढली ती अशी, की गुणसूत्राच्या टोकाला कामाचा मजकूर ठेवायचाच नाही, टीटीएजीजीजी ही डीएनएची सहा अक्षरं हजारदा गिरवून ठेवायची. झिजलं तर ते झिजेल. या टोकाला टेलोमिअर म्हणतात. ते वाढवणारं टेलोमरेज हे विकरही शरीरात आहे, पण बहुतेक साध्या पेशींत ते जवळजवळ झोपलेलं असतं. या कामासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शोस्टॅक यांना 2009 चं नोबेल मिळालं.

टोक फार तोकडं झालं की पेशीला ते डीएनए तुटल्यासारखं वाटतं. पी 53, पी 21, पी 16 या प्रथिनांचे ब्रेक लागतात आणि ती दुभंगायची थांबते. मरत मात्र नाही. हा खरा त्रास आहे. काम सोडून ओटीवर बसलेली, पण सगळ्या वाडीत कुरबुर लावणारी माणसं असतात, तशी ही म्हातारी पेशी आजूबाजूला दाह वाढवणारे स्राव सोडत राहते. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातली पेशी अशी झाली, तर ती नायट्रिक ऑक्साइड कमी तयार करते. नायट्रिक ऑक्साइडमुळे वाहिनी सैलावते. ते कमी पडलं की वाहिनी ताठ राहते आणि दाब वाढतो. वाढलेला दाब पुन्हा त्याच अस्तराला घासतो.

हे घासणं सगळीकडे सारखं नसतं. जिथे धमनीला फाटा फुटतो तिथे प्रवाह भोवऱ्यासारखा फिरतो आणि अस्तराच्या पेशी वारंवार बदलाव्या लागतात. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या एका कामात माणसाच्या पोटाखालच्या इलियॅक धमनीतल्या अस्तराची टोकं आणि छातीच्या आतल्या, कमी ताण सोसणाऱ्या धमनीतली टोकं मोजली होती. इलियॅकमध्ये झीज जवळपास दुप्पट वेगाने होत होती. बायपासला छातीतली ती धमनी वापरतात आणि ती वर्षानुवर्षं स्वच्छ राहते. त्याला टेलोमिअर हे एकमेव कारण नाही, पण चित्र एकाच बाजूला बोट दाखवतं.

शिवाय अँजिओटेन्सिन 2 हे संप्रेरक, ज्याला टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन या प्रेशरच्या गोळ्या अडवतात, ते नुसतं वाहिनी आवळत नाही. पेशीत ऑक्सिजनचे विखारी रेणू वाढवतं. टेलोमिअरच्या सहा अक्षरांत तीन जी आहेत, आणि या विखाराला जी हेच अक्षर सर्वांत लवकर बळी पडतं. म्हणजे पेशी दुभंगली नाही तरी टोक खराब होऊ शकतं. हृदयाच्या स्नायूच्या बाबतीत हे महत्त्वाचं, कारण तिथल्या पेशी जवळजवळ बदलतच नाहीत. पंचविशीत वर्षाला सुमारे 1 टक्का, पंचाहत्तरीत त्याच्याही निम्म्या.

इथवर सगळं नीट जुळतं. मग दंडातून रक्त काढून टेलोमिअर मोजले की हृदयाचं भविष्य कळेल, असा मोह होतो. इथेच गाडी घसरते.

पहिली अडचण ही, की मोजतात ते पांढऱ्या पेशींतले टेलोमिअर. त्यांची लांबी जन्मतःच माणसागणिक खूप वेगळी असते आणि तिच्यातला मोठा हिस्सा आनुवंशिक. बाईची सरासरी पुरुषापेक्षा जास्त. बाप उतारवयात झाला असेल तर मुलाची लांबी थोडी जास्त, ही गोष्ट आपल्या सगळ्या अंदाजांच्या उलट, पण खरी. म्हणजे आजचा आकडा तुम्ही किती झिजलात हे कमी सांगतो, तुम्ही कुठून निघालात हे जास्त.

2013 साली टेलोमिअरची लांबी ठरवणाऱ्या सात जागा एकत्र दाखवल्या गेल्या. टीईआरसी, टीईआरटी ही त्यातली ठळक नावं. या सात जागांवर तोकडेपणाकडे झुकणारा वाटा ज्यांना जास्त आला, त्यांच्यात हृदयाच्या धमन्यांचा आजार जास्त होता. लांबीतल्या एका प्रमाणित फरकामागे (स्टँडर्ड डेव्हिएशन) सुमारे 21 टक्के जास्त. जनुकं जन्माला येतानाच वाटली जातात, नंतरच्या सिगारेटने किंवा साखरेने ती बदलत नाहीत, त्यामुळे हा पुरावा वजनदार आहे. तोकडी टोकं आजारामुळे आली एवढंच नाही, ती आजाराच्या कारणांपैकीही असावीत, हे त्यातून पुढे येतं. प्रत्यक्ष लांबी मोजून केलेल्या अभ्यासांची 2014 ची बेरीजही त्याच बाजूची: सर्वांत तोकड्या तिसऱ्या हिश्श्यातल्या लोकांना सर्वांत लांब हिश्श्याच्या तुलनेत दीडपट धोका.

पण उच्च रक्तदाब असलेल्यांत गोष्ट सरळ राहत नाही. 2009 साली अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम अभ्यासात इको (हृदयाची सोनोग्राफी) करून हृदयाच्या डाव्या कप्प्याचं वजन मोजलं, तेव्हा ज्यांचे टेलोमिअर लांब त्यांचा स्नायू जाड निघाला, आणि हे नातं प्रेशरवाल्यांत अधिक ठळक होतं. डावा कप्पा जाड होणं हे चांगलं लक्षण नाही, ती पुढच्या हार्ट फेल्युअरची नांदी असते. म्हणजे तोकडं टोक धमनीच्या बाजूने वाईट आणि लांब टोक स्नायूच्या जाडीकडे झुकलेलं. वर आणखी एक: जनुकांनीच लांब टेलोमिअर मिळालेल्यांत त्वचेचा मेलानोमा आणि फुप्फुसाचा एक प्रकारचा कॅन्सर यांचं प्रमाण जास्त दिसतं. त्यामुळे "टेलोमिअर लांब करणाऱ्या" कॅप्सूलची जाहिरात पाहिली की मला आधी हेच आठवतं. लांब करून कुठल्या बाजूला जायचंय तुम्हाला?

दुसरी अडचण मोजण्याचीच आहे. प्रौढ माणसाच्या पांढऱ्या पेशींत सरासरी लांबी सहा-सात हजार अक्षरजोड्या धरा. वर्षाला झीज 20 ते 40. समजा 6500 मधून 30 गेल्या, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. स्वस्तात होणारी पीसीआरची तपासणी एकाच नमुन्यावर दोनदा केली तर निकालात पाच टक्क्यांची तफावत सहज येते. पाच टक्के म्हणजे 325 जोड्या, म्हणजे दहा-अकरा वर्षांची झीज. मग "सहा महिन्यांत तुमचं जैविक वय चार वर्षांनी कमी झालं" या वाक्याला काय किंमत द्यायची ते तुम्हीच ठरवा. त्यात पावसाळ्यात लेप्टोसारख्या तापातून उठलेल्या माणसाच्या रक्तात पांढऱ्या पेशींचे प्रकारच कमीजास्त झालेले असतात, आणि प्रत्येक प्रकाराची टोकं वेगळ्या लांबीची. टेलोमिअर तेच, पेशींची भेसळ बदलली, आकडा हलला.

सगळी जनुकतपासणी फुकट नाही, हेही सांगायला हवं. आपल्या लोकांत एमवायबीपीसी 3 या जनुकातली 25 अक्षरांची एक गळती आहे. 2009 साली तिच्यावरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. दक्षिण आशियातल्या सुमारे 4 टक्के लोकांत ती असते आणि पुढच्या वयात हृदयाचा स्नायू कमजोर होण्याचा धोका ती वाढवते. घरात कमी वयात हार्ट फेल्युअर किंवा अचानक मृत्यू असतील, तर हृदयविकारतज्ज्ञाशी हे बोलावं. वाईट कोलेस्टेरॉल 190 च्या वर असेल, तर तो नुसता खाण्याचा नाही, घराण्याचा प्रश्न असू शकतो. लायपोप्रोटीन ए (कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण) ही साधी रक्ततपासणी आयुष्यात एकदा केली तरी चालते, कारण तो आकडा जवळजवळ पूर्ण जनुकांच्याच हातात असतो. डेसिलिटरला 50 मिलिग्रॅमच्या वर गेला तर बाकीचं सगळं जास्त काटेकोर सांभाळायचं. आणि तिशीच्या आत प्रेशर, किंवा तीन गोळ्या घेऊनही न उतरणारं, किंवा रक्तात पोटॅशियम कमी असलेलं प्रेशर दिसलं, तर मूत्रपिंडावरच्या ग्रंथीची तपासणी मागून घ्या. त्यातला बराच भाग उपचाराने सुटणारा असतो.

बाकी बहुतेकांना धोका सांगणारी वस्तू हजार-दोन हजारांत मिळते. तिला दंडाला गुंडाळायचा पट्टा असतो.

115/75 च्या पुढे वरचा आकडा दर 20 ने किंवा खालचा दर 10 ने वाढला, की चाळिशी ते सत्तरीच्या माणसात हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने मरण्याचा धोका दुप्पट होतो. दहा लाख लोकांची ही 2002 ची बेरीज आहे. आणि औषधाने वरचा आकडा 5 ने उतरवला तरी मोठ्या घटना सुमारे 10 टक्क्यांनी कमी होतात. जनुकांच्या गुणांकातला दहाचा फरक आणि गोळीचा पाचचा फरक हे एकाच मापात आहेत. जनुक बदलता येत नाही, पण त्याने वाढवलेले मिलिमीटर काढून टाकता येतात, आणि धमनीला ते कुठून आले होते याच्याशी देणंघेणं नसतं.

फक्त मोजणं बरोबर हवं. रापणीवर जाळं ओढून दंड भरलेल्या माणसाला बाजारातला साधा पट्टा पुरत नाही. साधा पट्टा साधारण 22 ते 32 सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो, आणि घट्ट पट्टा आकडा वाढवून दाखवतो. शिंप्याच्या टेपने दंडाचा मधला घेर मोजा, 32 च्या वर असेल तर मोठा पट्टा मागा. मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही, विडी नाही, आणि मिश्री नाही. मिश्री म्हणजे तंबाखूच. सकाळी ती लावून लगेच मोजलेलं प्रेशर हे निकोटिनचं प्रेशर असतं, आणि घरातल्या बायकांच्या बाबतीत हे विचारायचंच राहून जातं. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर, मांडी न घालता, हात टेबलावर छातीच्या पातळीला ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. गप्प म्हणजे गजाली नाहीत. मग एक मिनिटाच्या अंतराने दोनदा. सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. घरी ती 135/85 किंवा वर आली, तर ते प्रेशर आहे. पहिल्यांदा दोन्ही हातांचं घ्या, पुढे ज्या हाताचं जास्त त्याच हाताचं.

मिठाचं मोजमाप त्याहून सोपं आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला 5 ग्रॅम. चार माणसांचं घर असेल तर एक किलोची पिशवी 50 दिवस जायला हवी. महिन्यात संपत असेल, तर माणशी आठ ग्रॅमच्या वर चाललंय, आणि त्यात लोणच्याचं, पापडाचं, सांडग्यांचं मीठ धरलेलंच नाही. कोकणात दोन जागा हमखास नजरेतून सुटतात. एक आगळ. कोकमाचा रस टिकावा म्हणून त्यात मीठ सढळ असतं, आणि आगळाची सोलकढी करताना वर सवयीने आणखी चिमूट पडते. ती चिमूट सोडा. दुसरी सुकी मासळी. दोरीवर वाळलेले बोंबील आणि मिठात मुरवलेला खारा बांगडा एकाच टोपलीतून येतात, पण मिठाच्या हिशेबात ते सख्खे भाऊ नाहीत. खारा बांगडा दोन पाण्यांत भिजवून, पाणी ओतून मगच करा. बरंचसं मीठ जातं, सगळं नाही. रोजच्या पेजेबरोबर तो तोंडी लावणं मात्र महिन्यातून एखाद्या वेळेवर आणा. मीठ चार-साडेचार ग्रॅमनी उतरलं, तर प्रेशरवाल्यांत वरचा आकडा साधारण 5 ने खाली येतो.

पोटॅशियम मिसळलेलं मीठ मिळतं. चीनमधल्या 600 गावांतल्या मोठ्या चाचणीत अशा मिठाने पक्षाघात 14 टक्क्यांनी कमी झाले, निकाल 2021 चा. पण मूत्रपिंड अधू असेल किंवा स्पायरोनोलॅक्टोन ही गोळी चालू असेल तर ते वापरायचं नाही, टेल्मिसार्टनवर असाल तर आधी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहून घ्यायचं. अशांना रोजची दोन-तीन शहाळीसुद्धा, त्यातल्या पोटॅशियममुळे, निरुपद्रवी नाहीत.

गोळी सुटण्याची कारणं आपल्याकडे ठरलेली असतात. ॲम्लोडिपिन या प्रेशरच्या गोळीने घोट्याशी सूज आली की लोक ती आपल्या मनाने बंद करतात. डोस कमी करून टेल्मिसार्टन जोडलं तर सूज बऱ्याचदा उतरते, पण त्यासाठी डॉक्टरला सांगावं लागतं. लघवी वाढवणारी गोळी मे महिन्यात, घामाच्या धारा लागलेल्या असताना, उठल्यावर चक्कर आणू शकते. तेव्हा मीठपाणी पिऊन नव्हे, प्रेशर मोजून निर्णय घ्यायचा. लावणीनंतर कंबर धरली म्हणून दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक प्रेशर चढवते आणि प्रेशरच्या गोळीचा जोर कमी करते. सिंधुदुर्ग हा सरकारी उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या जिल्ह्यांपैकी एक. प्राथमिक आरोग्य केंद्रात या गोळ्या मिळतात. पाऊस लागायच्या आधी महिन्याभराच्या जादा उचलून ठेवा.

वर्षाला एक ईसीजी, लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी, क्रिएटिनिन, साखर, कोलेस्टेरॉल. ईसीजीत डावा कप्पा जाड असल्याची खूण दिसली तर इको.

आणि जनुकांची तपासणी करायचीच असेल, तर गणपतीत करा. चाकरमानी आलेले असतात, दोन-तीन पिढ्या एका घरात असतात, म्हातारी माणसं बोलायच्या मूडमध्ये असतात. एक शंभर पानी वही घ्या. आजोबा-आजी वर, त्यांची मुलं खाली, मग नातवंडं. प्रत्येकासमोर चार गोष्टी: प्रेशर कितव्या वर्षी कळलं, हार्ट ॲटॅक कितव्या वर्षी, लकवा कितव्या वर्षी, आणि गेले असतील तर कशाने. "झोपेतच गेले" असं उत्तर आलं की तिथे थांबून वय विचारा, ती ओळ महत्त्वाची असते. "वारा लागला" म्हणजे बहुतेक वेळा लकवा. आत्येची, मावशीची बाजू विसरू नका, लग्न होऊन गेलेल्या बायकांची माहिती हटकून गळते. आईवडील किंवा सख्ख्या भावंडांत पुरुषाला 55 च्या आत किंवा बाईला 65 च्या आत ॲटॅक आला असेल, तर त्या नावाला लाल गोल करा आणि त्याच्या मुलांचं, भावंडांचं प्रेशर त्याच दुपारी मोजा. आरतीच्या आधी, मोदक पोटात जायच्या आधी. मुंबईला परत जाताना प्रत्येकाने त्या पानाचा फोटो काढून न्यावा, डॉक्टरला तो पन्नास पानी रिपोर्टपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

यंत्र रोज वापरात नसेल, तर त्यातले सेल काढून वेगळे ठेवा. खाऱ्या हवेत ते पाझरतात, पत्र्यांवर हिरवट चढतं, आणि पुढच्या वेळी यंत्र सुरूच होत नाही किंवा मध्येच बंद पडतं.